वसुली

आधी टोकं तोडायची.
कनेक्टर एका घमेल्यात, वायर दुसऱ्यात.
लक्ष्मीपुरीचा भूपाल चौगुले एवढंच शिकवून गेला:
जाळू नकोस, रेहाना.
जळक्या तांब्याला किलोमागं साठ रुपये कमी,
आणि धुराचा वास आला
की गल्ली अर्ज करते.

म्हणून सोलते.
फळीला ठोकलेलं ब्लेड, त्याखालनं वायर ओढली
की काळी साल दोन्हीकडं पडते घेवड्याच्या शेंगेगत
आणि आतनं निघतं लाल, ओलं वाटावं असं तांबं.
वीस वर्षं टेबलामागच्या धुळीत राहून
एक डाग नाही त्याच्यावर.

सगळंच तसलं नसतं.
काही वायरी वरनं तांबड्या,
नखानं खरवडलं की पांढरं ॲल्युमिनियम.
चौगुले त्यांना शिवी देऊन बाजूला टाकतो.
काहींच्या पोटात केसांएवढ्या नसा,
सोलायला दिवस जातो, चहाचे पैसे सुटत नाहीत.
त्या तशाच विकायच्या.
लोभ कुठं थांबवायचा, हे काटा शिकवतो.

माझे वडील दस्तगीर, गुजरीतले झारेकरी.
सराफांची शटरं उघडायच्या आत
दुकानांपुढची माती, गटारातला गाळ
पोत्यात भरून आणायचे.
पंचगंगेला बसून लाकडी पाटीत
पाणी गोल गोल फिरवत राहायचे.
माती निघून जायची, जड ते राहायचं.
"सोन्याला घाई नसते, पोरी."
तळाला मोहरीएवढं पिवळं.
मग पारा, मग आच.
शेवटी शेवटी चहाची बशी धरवत नव्हती त्यांना.
पाऱ्यानं की वयानं, कुणी सांगितलं नाही.

म्हणून पिना मी टाकत नाही
आणि तेजाबाला हात लावत नाही.
कनेक्टर पकडीनं फोडायचा,
चुंबक फिरवायचं, चिकटलं ते लोखंड.
राहिलं ते पितळ, आणि त्याच्यावर
सोन्याची नुसती अफवा.
वडील हसले असते.
थंड पेयाच्या बाटलीत साठवते. भरली की विकायची.
पुढचं घेणाऱ्यानं बघावं.

परवा चौगुल्यानं सहा पोती आणून टाकली.
राजारामपुरीतली एक पतसंस्था.
नाव घेत नाही, कोर्टात आहे अजून.
अवसायकानं खुर्च्या विकल्या, पंखे विकले,
रिकामी तिजोरी विकली,
शेवटी वायरी, किलोवर.

तिसऱ्या पोत्यात एक करडी केबल.
टोकाला चिकटपट्टी, निळ्या पेनानं लिहिलेलं:
काउंटर २, पासबुक.

काउंटर दोन.
म्हणजे ह्याच वायरीतनं माझे चाळीस हजार
टरटरत कागदावर उतरले होते,
वर जांभळा शिक्का,
आणि चष्म्यातली ती वैजयंता म्हणाली होती,
"झालं मावशी, आता निवांत."
सहा वर्षं झाली त्याला.
अर्ज, रांग, झेरॉक्स, पुढची तारीख.

हात थांबला का?
नाही थांबला, उगाच खोटं कशाला सांगू.
पण ही केबल केसांच्या नसांची होती,
तशीच विकायची जात,
आणि मी ती सोलली. एकेक नस.
दुपारची भाकरी संध्याकाळी खाल्ली.
कनेक्टर फोडून पिना मोजल्या.
पंचवीस हव्या होत्या,
चोवीस निघाल्या.
म्हटलं, इथंपण.

तांबं भरलं बत्तीस ग्रॅम.

पासबुक आहे अजून, डब्यात, रेशनकार्डाखाली.
कोरी पानं त्यात बरीच.
तिथंच लिहिलं, माझ्या अक्षरात, तारीख घालून:
ठेवीपैकी वसूल, एकवीस रुपये.
बाकी, एकोणचाळीस हजार नऊशे एकोणऐंशी.

पोती तीन राहिलीत.